पोत्यात गुंडाळलेला कॅन

मित्रांनो, मी गोड्या तेलाचा एक जुना कॅन आहे. पोटावर सोयाबीनच्या शेंगांचं चित्र, धरायला कान आणि डोक्यावर लाल बूच, असं माझं रूप. कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात फुगवून मला घडवलं, तेल भरलं आणि ट्रकात घालून शिरूर कासारच्या एका किराणा दुकानात आणलं. तिथून मंगल मला घरी घेऊन गेली.

तेल संपलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी उकिरड्यावर. पण मंगलच्या घरात रिकामी वस्तू सहसा कुणी फेकत नसे. श्रीखंडाच्या डब्यात मोहरी होती, बिस्किटांच्या बरणीत शेंगदाणे होते, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत भेंडीचं बी बांधून ठेवलं होतं. तिनं मला गरम पाण्यानं घासघासून धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि बाहेरून जुन्या पोत्याचा अंगरखा शिवून घातला.

"वैष्णे, ह्यो आता आपला पान्याचा कॅन," ती आपल्या मुलीला म्हणाली.

दिवाळी झाली की हे कुटुंब ऊसतोडीला जाई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर मीही निघे. उसाच्या फडात मंगल माझं पोतं भिजवून मला सावलीत ठेवायची. वारा लागला की आतलं पाणी गार होई. कोयता खाली ठेवून टोळीतल्या बाया माझ्याकडे यायच्या. छबुबाई नावाची एक म्हातारी बाई तर घोट घेतला की म्हणायची, "मंगल, तुझ्या कॅनचं पानी लई गार हाय गं!" ते ऐकून मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

अशी बरीच वर्षं गेली. मी पिवळा पडलो, चित्रातल्या शेंगा पुसट झाल्या, तरी माझं काम सुटलं नाही.

मागच्या पावसाळ्यात मात्र विपरीत घडलं. घरच्या शेतात कपाशीत गवत माजलं होतं. मंगलचा नवरा बजरंग आणि शेजारच्या शेताचा आदिनाथ, दोघांनी मिळून तणनाशकाची बाटली आणली. अर्धं अर्धं वाटून घ्यायचं ठरलं, पण बजरंगजवळ दुसरं भांडं नव्हतं.

"कशात देऊ रं?" आदिनाथनं विचारलं.

बजरंगनं इकडेतिकडे पाहिलं. मी रिकामाच होतो. "ह्याच्यात वत. सांजच्याला धुऊन टाकतो."

ते उग्र औषध माझ्या पोटात उतरलं. आदिनाथ बाटली घेऊन आपल्या शेताकडे गेला. बजरंगनं लागेल तेवढं पंपात ओतलं आणि उरलेल्यासकट मला लिंबाखाली ठेवलं. माझी रोजची जागा तीच. अंगावर पोतं असल्यानं आत काय आहे ते बाहेरून दिसत नव्हतं.

शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर वैष्णवी उन्हातून तडक शेतात आली. दप्तर टाकलं आणि सवयीनं माझं बूच काढलं. मला उलटून पडावंसं वाटलं, मित्रांनो, पण माझ्या वाटण्याचा काय उपयोग? तिनं मला उचलून तोंडाला लावलं.

पहिल्याच घोटाला तिनं ते थुंकलं आणि किंचाळली. पण थोडं पोटात गेलंच होतं. पंप पाठीवरून टाकून बजरंग धावला. त्यानं विहिरीच्या पाइपाखाली तिचं तोंड धुतलं, चुळा भरायला लावल्या. मंगल खुरपं हातात तसंच धरून आली.

"पान्याच्या कॅनात औषध काहून वतलं तुमी?"

बजरंगनं मोटारसायकल काढली. मंगलनं मुलीला मांडीवर घेतलं आणि मला काखेत मारलं. डॉक्टर विचारतील काय प्यायली, म्हणून.

दवाखान्यात सलाईन लावता लावता डॉक्टरांनी पोतं फाडून माझ्या पोटावरचं चित्र पाहिलं. "हा तर खायच्या तेलाचा कॅन आहे. औषध कोणतं होतं? नाव सांगा."

"गवताचं हाय, साहेब," बजरंग म्हणाला. त्यापुढं त्याला काही आठवेना.

माझ्या अंगावर शेंगा होत्या आणि पोटात विष. त्या लेकराच्या कामाचा एक शब्दही माझ्यावर लिहिलेला नव्हता. बजरंगनं फोन केला, तसा आदिनाथ चिखलानं माखलेल्या पायांनी मूळ बाटली घेऊन धावत आला. नाव कळलं आणि डॉक्टरांना उपचारांची दिशा मिळाली. त्यानंतरचे दिवस मंगल खाटेपासून हलली नाही. बजरंग दारात उभा राही. आत यायला त्याचं मन धजत नसे. शेवटी वैष्णवीनंच हाक मारली, "पप्पा, तिथं काहून उभं राहिलात? या की माझ्याजवळ." तेव्हा तो बाप्या माणूस तिच्या पायांशी बसून ढसाढसा रडला.

ती बरी होऊन घरी आली. मला पुन्हा धुऊन उपयोग नव्हता. कुणी चुकूनसुद्धा माझ्यात पाणी भरू नये, म्हणून बजरंगनं माझ्या बुडाला भोकं पाडली. मला वाईट वाटलं, पण त्याचं बरोबरच होतं. आता मी घरामागं भंगाराच्या पोत्यात पडून आहे.

परवा मंगलनं तेलाचा दुसरा कॅन धुऊन वाळवला. त्याच्यावर वैष्णवीनं लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी'. बजरंगनं शेजारी बसून ती अक्षरं वाळेपर्यंत माश्या हाकलल्या.

मित्रांनो, आम्हाला फेकू नका, जरूर वापरा. पण ज्यात कधी घासभर अन्न किंवा घोटभर पाणी राहिलं, त्यात विष ओतू नका, आणि औषध त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्या. आम्हा कॅनांना तोंड असतं, पण तहानलेल्या लेकराला "थांब" म्हणून सांगता येत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.