नागुबाईच्या ओसरीवरचा टेप

मित्रांनो, कोनाड्यात जुन्या फडक्याखाली झाकून ठेवलेला टेपरेकॉर्डर म्हणजे मी. माझ्या झाकणाची बिजागरी तुटली आहे. आतला रबरी पट्टा सैल पडला आहे. कित्येक वर्षांत माझ्या पोटात कॅसेट गेलेली नाही. तरी पहाटे ओसरीवर कुणाचे पाऊल वाजले की मला वाटते, आल्या सगळ्याजणी!

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता आठवत नाही. आठवते ते हैदराबादचे दुकान. तिथून बसवंतरावांनी मला विकत आणले. परभणी जिल्ह्यात बोरीकडच्या एका लहान गावात त्यांचे किराणा दुकान होते. भजने ऐकायची त्यांना भारी हौस. नवलाई संपली आणि मी त्यांच्या पत्नीच्या, नागुबाईच्या हाती आलो.

नागुबाईला दमा होता. आभाळ भरून आले की तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. परभणीला नर्मदाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका योगासने आणि ध्यान शिकवीत. त्यांच्याकडे राहून आल्यावर तिला उतार पडला. पण रोज परभणी कशी गाठायची? आणि नर्मदाबाईंचे गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देत नव्हते. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्या आपला पाठ कॅसेटमध्ये भरून कंडक्टरच्या हाती पाठवू लागल्या. शिकवणाऱ्या बाई परभणीला, शिकणाऱ्या बाया गावात आणि मध्ये मी!

पहाटे सतरंजी अंथरली जाई. माझे बटण दाबले की नर्मदाबाईंचा आवाज येई, "कणा ताठ. आता डोळे मिटा. आधी शेजारणीचा श्वास ऐका, मग आपला."

शेजारची तानुबाई यायची, आणखी पाच-सहा जणी यायच्या. बौद्धवाड्यातली मनकर्णाही यायची. ती नागुबाईच्या शेतात निंदायला-खुरपायला असे आणि तिची कंबर सदा धरलेली. पहिल्या दिवशी ती अंगणातच बसली.

"वर ये की," नागुबाई म्हणाली.

"हितंच बरी हाय, अक्का."

"तिथं बसलीस तर तुझा श्वास मला कसा ऐकू यील? ये, माझ्याजवळ बस."

तानुबाईने तेव्हा पदर आवरून घेतला होता. पण सिंहासन या आसनात सिंहासारखी जीभ बाहेर काढताना मनकर्णाला असे हसू फुटे की सगळ्या ओसरीला हसू आवरत नसे. हळूहळू तानुबाईचा पदरही सैल पडला. मित्रांनो, माझे ते सुखाचे दिवस.

मग मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगाव डोकी भडकली. एका संध्याकाळी गावातली काही पोरे दुकानात आली आणि राकेलचा डबा भरून मागू लागली.

"एवढं कशाला रे?" बसवंतरावांनी विचारले.

पोरे नुसतीच हसली. बसवंतरावांनी मान खाली घालून राकेल मोजून दिले. नागुबाई दारात उभी राहून बघत होती. थोड्याच वेळात बौद्धवाड्यावर धूर दिसला.

माणसे शेतात पळाली म्हणून वाचली. मनकर्णाचे घर मात्र जळून गेले.

काही दिवसांनी बाया पुन्हा ओसरीवर जमल्या. तानुबाई म्हणाली, "लावा की टेप. मन थाऱ्यावर न्हाई, जरा शांत वाटंल."

मी बोलू लागलो, "आधी शेजारणीचा श्वास ऐका..."

नागुबाईच्या शेजारची जागा मोकळी होती. नागुबाईला ठसका लागला. तिने मला बंद केले, कडीला धरून उचलले आणि ती तडक बौद्धवाड्याकडे निघाली.

मनकर्णा राखेतून भांडी वेचत होती.

"मनकर्णा, चल. तुझ्याबिगर बसवत न्हाई."

मनकर्णाने वर पाहिले. "डोळे मिटून बसायला बलवायलाव का, अक्का? लय दिवस बसले मी मिटून. शेजारीणच हाय, भ्यायचं काय, म्हनून. तुमचे तर उघडे होते ना त्या सांजंला?"

 नागुबाई मला घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तिने गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेतले. ही लिंगायतांची रीत, तिची नित्याची पूजा. लिंगावर नजर ठेवून ती एरवी कितीतरी वेळ निश्चल बसे. त्या दिवशी तिची नजरच ठरेना. पूजा अर्धी टाकून ती उठली. जाळपोळीच्या तपासाला आलेले फौजदार शाळेत उतरले होते, तिकडे गेली.

ती परत आली तेव्हा बसवंतराव दारातच उभे होते. "नावं सांगितलीस? आपल्या दुकानाचं बी?"

"सांगितलं. राकेल आपलंच होतं."

"आपल्याला ह्याच गावात राहायचं हाय, नागू!"

"तिला बी राहायचं होतं."

त्यानंतर ओसरी ओस पडली. बाया येईनाशा झाल्या, दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. बसवंतराव कित्येक महिने नागुबाईशी बोलले नाहीत. पण परभणीला खटला उभा राहिला, त्या सकाळी त्यांनी पटका बांधला आणि म्हणाले, "चल. राकेल मी मोजलं. गवाही मी बी देतो."

त्या पोरांतल्या दोघांना शिक्षा झाली, बाकीचे सुटले. कोर्टातल्या गर्दीत नागुबाईला धाप लागली, तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेली मनकर्णा सरकत जवळ आली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सावकाश, अक्का." एवढेच. नागुबाईने हे घरी सांगितले आणि मी कोनाड्यातून ऐकले. तिथे मी असायला हवा होतो, असे मला आजही वाटते.

मनकर्णा गाव सोडून लेकीकडे परभणीला गेली होती, ती तिथेच राहिली. आमच्या ओसरीवर ती पुन्हा कधी आली नाही. पुढे अनेक वर्षांनी विद्यापीठाला ते नाव मिळाले. त्या दिवशी नागुबाई पहिल्या एसटीने परभणीला मनकर्णाकडे गेली. मला मात्र घरीच ठेवून.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. आम्हा यंत्रांना आवाज दूरवर नेता येतो, पण शेजारी कोण बसले आहे हे बघता येत नाही. ते तुमचे काम. मन शांत करायला बसाल तेव्हा, डोळे मिटण्याआधी एकदा सगळीकडे बघून घ्या. एखादी जागा मोकळी दिसली तर माझे बटण दाबू नका. आधी उठा आणि जिची ती जागा, तिच्या घरी जाऊन या.