सुईखालची बाही

दोन मशिनींना लाखेची सीलं लागली होती. तिसरी वहिनी चालवत होती, आणि पाय थांबला की तीही गेली, असंच ती धरून चालली होती. वसुलीसाहेबांनी आल्याआल्या नियम वाचून दाखवला होता: सुईखाली गिऱ्हाइकाचं कापड असेल, तर ते काम संपेपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. आणि गिऱ्हाईक कोण, तर खुद्द सरकार. वसुली खात्याच्याच पहारेकऱ्यांचे गणवेश वहिनी शिवत होती.

अर्धे गणवेश तिनं कधीच पोचवले होते. आपण किती चोख, हे दाखवायच्या हौसेनं त्याच दिवशी बिलही लावलं, आणि तिथंच माती खाल्ली. बिल लावलं की कर लागू. पैसे हातात पडोत न पडोत. सरकारनं तिचे पैसे थकवले तर ते ‘प्रक्रियेत’ होते. तिनं सरकारचा कर थकवला तर ती थकबाकीदार. याला न्याय म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

धाकटा दीर जप्तीला मनाई आणायला न्यायालयात गेला होता. पाचपर्यंत तग धरायचा होता. पाचनंतर साहेबांना सील लावता येत नव्हतं, आणि तोवर मनाई मिळाली की मशीन वाचली. पण हा शेवटचा गणवेश होता, आणि त्याची एकच बाही उरली होती. वहिनी गोगलगायीसारखी शिवत होती. घातलेली टीप उसवायची, पुन्हा घालायची.

साहेब समोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं.

“ताई, तीच टीप तिसऱ्यांदा घालताय.”

“सरकारी काम आहे. वाकडी जायला नको.”

दाराशी उभ्या असलेल्या नणंदेचा फोन वाजला. तिनं फोनचा आवाज मोठा केला, वहिनीचे हात गुंतले होते म्हणून.

“मनाई नाही मिळाली,” दीर म्हणाला. “ती बँक बुडत होती ना, तिला सरकारनं सकाळी पैसे ओतून वाचवलं. तिजोरी भरायची म्हणून आजपासून कुठल्याच वसुलीला स्थगिती नाही. वहिनीला सांग.”

सांगायला काही उरलं नव्हतं. त्या बँकेत वहिनीचं साधं खातंसुद्धा नव्हतं. संताप तिच्या कानापर्यंत चढला, तरी पाय चालत राहिला.

साहेबांनी खाली बघितलं. माणूस वाईट नव्हता. “बाही पुरी करा,” ते हळूच म्हणाले. “मी थांबतो. माल पोचला की दुसरं बिल लावा.”

“आणि त्याच्यावरचा कर?”

“तो बिलाच्या तारखेलाच.”

“पहिले पैसे न मिळता?”

साहेबांनी नुसती मान डोलावली.

वहिनीनं पाय थांबवला. सुई बाहीत रुतलेली तशीच ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“नाही. होणारही नाही. ही बाही पुरी केली की मी आणखी बुडते.”

“मग कापड काढा. मला सील लावू द्या.”

तिनं कात्री त्यांच्याकडे सरकवली. “तुम्ही कापा. सरकारी मालाचं नुकसान कुणाच्या नावावर लिहायचं, तेही तुम्हीच ठरवा.”

साहेब उठले. वाकले. कात्रीवर बोटं ठेवली आणि लगेच मागे घेतली. खात्यात त्यांनी उभी हयात घालवली होती; नुकसानीच्या रकान्यात स्वतःचं नाव कधी येऊ दिलं नव्हतं. ते पुन्हा स्टुलावर बसले आणि पाच वाजेपर्यंत बसून राहिले.

“उद्या मला वरून लेखी हुकूम आणावा लागेल,” पिशवी उचलताना ते म्हणाले.

“आणा.”

ते गेले तशी नणंद हसायला लागली. “वहिनी, जिरवलीत की हो.”

वहिनीला हसू आलं नाही. सगळ्या आयुष्यात तिनं कुणाचं काम अर्धवट टाकलं नव्हतं. शिवायला हात शिवशिवत होते, आणि तिनं ते पदराखाली घट्ट दाबून धरले.