मला हात लावा

मित्रांनो, "मी एक जुनी मोटारसायकल आहे" असे म्हणून गोष्ट सुरू करायला मला फार आवडले असते. जुनी गाडी निवांत असते. पण मी एक नवी मोटारसायकल आहे. मला घरी आणून वर्षसुद्धा झालेले नाही, आणि तरीही माझ्यावर आत्मवृत्त सांगायची वेळ आली आहे. यावरूनच काय ते समजा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये उभी राहून मी हुबळीच्या शोरूममध्ये आले आणि एका सकाळी संघपाल मला न्यायला आला. तो केशवापूरच्या मागच्या गल्लीत राहतो आणि धारवाडला एका सरकारी कचेरीत काम करतो. त्याच्याबरोबर त्याची आई बाळाबाई, बायको राणी आणि नववीत शिकणारी मुलगी आरुषी होती. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते. बाळाबाईने मला बोटाच्या टोकाने हळूच शिवून पाहिले आणि हात लगेच पदराखाली घेतला.

"आमच्या घरात आजवर जे आलं ते दुसऱ्याचं वापरून आलं," ती शोरूममधल्या मुलीला म्हणाली. "ही पयली कोरी वस्तू हाय बघ."

त्या मुलीचे नाव शीतल. तिने संघपालला नीट समजावून सांगितले होते, की बाहेर कुठे इंजिन उघडू नका, वॉरंटी जाईल. संघपालने त्यातला 'इंजिन' हा शब्द वाटेतच सांडला आणि बाकीचे वाक्य घरी आणले. बाळाबाईने त्याचा कायदा केला. हात लावतील ती सर्व्हिसिंगला कंपनीची माणसे; धुण्यापुसण्यापलीकडे हिला घरच्या-बाहेरच्या कोणीही हात लावायचा नाही. माझ्याबरोबर आलेले माहितीपुस्तकसुद्धा मळू नये म्हणून कपाटात गेले.

माझे लाड मात्र खूप झाले, खोटे कशाला बोलू? संघपाल मला रोज धूत असे. हुबळी-धारवाड रस्त्यावरचा चिखल अंगावर घेऊन मी संध्याकाळी परत आले की तो पाइप लावायचा, टाकी पुसायचा, आरसे पुसायचा. शेजारी म्हणायचे, "काय चकाचक ठेवलीय गाडी!" मीही फुशारून जायचे. पहिल्या सर्व्हिसिंगला सगळे ठीक निघाले. दुसरे अजून कितीतरी लांब होते.

पण मित्रांनो, खाली, डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ कोणी वाकत नव्हते. तिथे माझी चेन असते. इंजिनाचा जोर तीच चाकापर्यंत नेते. तिला थोड्या थोड्या दिवसांनी पुसून तेल द्यावे लागते, पावसापाण्यात तर जास्तच, आणि ती सैल पडली की ताणून घ्यावी लागते. सर्व्हिसिंग काही महिन्यांतून एकदा येते. मधले दिवस घरच्यांचे असतात. संघपालच्या पाइपाने माझ्या चेनवरचे उरलेसुरले तेल वाहून गेले आणि तिच्यावर तांबूस गंज धरू लागला. वरून मी नवरीसारखी होते आणि खाली माझा जीव चालला होता.

मग मी आवाज करू लागले. मला तोंड नाही, म्हणून आवाज हेच माझे बोलणे. आधी नुसती करकर होती. पुढे चेन लोंबायला लागली आणि तिच्यावरच्या पत्र्यावर टकटक आपटू लागली. ते राणीने ऐकले.

"अहो, ही का ओरडायलीय?"

"नवी आहे गं. अंग मोकळं करायलीय," संघपाल म्हणाला.

"जरा बघा तरी वाकून."

"बघून काय करू? हात लावला की वॉरंटी गेली. सर्व्हिसला बघतील की."

मला त्याचा राग यायचा. मग त्याच्याच हातातले मऊ फडके टाकीवरून फिरायचे आणि माझा राग टिकायचा नाही. इतक्या मायेच्या माणसावर कसे रागवायचे? आणि इतक्या मायेच्या माणसाला कसे समजवायचे?

स्वतःचे मला फारसे काही वाटत नव्हते. भीती आरुषीची होती. तिची शाळा धारवाडला, त्यामुळे रोज सकाळी ती माझ्यावर बसायची. अप्पांच्या, म्हणजे संघपालच्या, पाठीवर डोके टेकून ती वाटेतल्या रायापूरपर्यंत झोपून जायची. तिचा डावा पाय माझ्या चेनपासून वीतभर अंतरावर असायचा. चेन निसटून चाकात अडकली तर चाक जागीच थांबणार, मी पडणार, आणि पडताना मला काहीच सावरता येणार नाही, हे मला ठाऊक होते. ती झोपलेली असायची आणि मी करकरत असायचे.

मी काय काय केले नाही! रोज सकाळी मी मनात म्हणायचे, आज बॅटरी उतरू दे, आज मी सुरूच होऊ नये. पण नव्या गाडीची बॅटरी कसली उतरते? बटण दाबले की मी शहाण्यासारखी सुरू व्हायचे. मग मी रस्त्यावर खिळे शोधू लागले. हसू नका. पंक्चर झाले तर कोणीतरी मागच्या चाकाजवळ बसेल, एवढीच आशा होती.

आणि एका सकाळी खरेच खिळा मिळाला. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात हणमंत नावाचा माणूस माझ्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. त्याने खिळा उपसला, भोक बुजवले, हवा भरली. उठता उठता त्याचे लक्ष चेनकडे गेले. त्याने ती बोटाने वर ढकलली. ती केवढी तरी वर गेली. मला रडू फुटायचेच बाकी होते.

"चैन लूज ऐत्री," तो संघपालला कानडीत म्हणाला. "टाइट माडि कोडलेन्री?"

चेन सैल आहे, ताणून देऊ का, एवढेच तो विचारत होता. आरुषी म्हणाली, "अप्पा, घ्या की करून. रोज आवाज करते ती."

संघपाल घुटमळला. त्याने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मी सगळी त्याच्या एका शब्दावर टांगलेली होते. मग त्याला आईचे बोलणे आठवले असावे.

"ब्याड्री," तो म्हणाला, नको म्हणून. "सर्व्हिसदाग माडतार." सर्व्हिसिंगला करतील म्हणे.

हणमंतने खांदे उडवले आणि हात पुसले. आरुषी मागे बसली. इंजिन सुरू झाले.

रायापूरच्या अलीकडे समोर एक रिक्षा आडवी आली. संघपालने वेग कमी केला आणि ती गेल्यावर पुन्हा वाढवला. त्या हिसक्याने चेन दात्यांवरून निसटली आणि अडकली. मागचे चाक थांबले. मी डावीकडे आडवी झाले आणि तशीच फरपटत गेले. संघपाल बाजूला फेकला गेला. आरुषीचा पाय माझ्याखाली होता. माझे सगळे वजन तिच्या त्या पायावर होते, आणि मला तसूभरही उचलून घेता येत नव्हते. मित्रांनो, त्याहून वाईट काही मला सांगता येणार नाही.

लोकांनी मला उचलले. आरुषीचा घोटा मोडला होता.

काही दिवसांनी मला टेम्पोत घालून शोरूमला नेले. संघपाल वॉरंटीचा कागद छातीशी धरून उभा होता. शीतलने चेन पाहिली आणि तिचा आवाज खाली आला.

"सर, तेल कधी दिलं नव्हतं का? हे घरीच करायचं असतं. चेन वॉरंटीत येत नाही. कधीच नव्हती."

संघपाल खाली बसला आणि त्याने पहिल्यांदाच माझ्या चेनला हात लावला. गंजाने त्याची बोटे लाल झाली, ती त्याने पुसली नाहीत.

आता मला नवी चेन आहे. दर रविवारी संघपाल मला डबल स्टँडवर घेतो, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवतो, चेन पुसतो, तेल देतो, बोटाने दाबून बघतो. बाळाबाई दाराशी बसून विचारते, "लावलास का हात नीट?" माझा आवाज आता अजिबात येत नाही. आरुषी चालू लागली आहे, थोडी लंगडत. रोज सकाळी संघपाल मला सुरू करून दारात थांबतो.

"येतेस का?"

"नको अप्पा. मी चिगरी बसनं जाते."

ती हुबळी-धारवाडच्या त्या सिटी बसच्या थांब्याकडे निघते आणि तो बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहतो. मग आम्ही दोघेच निघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी गाडी असेल. तिला पुसा, मिरवा, पण तिच्या चाकाशी खाली वाका. ती आवाज करू लागली तर ती लाडात आलेली नसते, ती घाबरलेली असते. मोठी माणसे म्हणतील, सर्व्हिसिंगला बघू. ऐकू नका. हट्ट करा, रुसा, शाळा बुडली तरी चालेल, पण त्यांनी वाकून बघितल्याशिवाय बसू नका. कारण मागे तुम्ही बसता.