बेटावर टाकलेली माणसं

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सालेकशाजवळच्या पंधरा-वीस घरांच्या टोल्यात चमेली मुरमुऱ्याचे लाडू बांधत बसली होती. तिची नववीतली दिव्या शाळेच्या सहलीला निघणार होती, पार कोकणातल्या एका बेटावर. तिथं उभं राहून बेटाचा इतिहास सांगायला सरांनी साऱ्या वर्गातून तिलाच निवडलं होतं. टोल्यात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. लेकीचं कौतुक कुठं ठेवू नि कुठं नको, असं चमेलीला झालं होतं.

नेमकी त्याच दुपारी दिव्याची पाळी आली.

पुढचं काही ठरवायचं नव्हतंच. पाच दिवस गावाबाहेरचं कुर्माघर. बिनदाराची झोपडी, खाली धानाचं वाळलं तणस, पुढं दगडांची ओळ. ती ओळ बाहेरच्यानं ओलांडली की देव कोपतो म्हणे.

"माय, परवा गाडी हाय माही."

"तुही आजी ऐकन का? मी काय करू, बाई."

संध्याकाळी चमेलीनं ताट ओळीपाशी ठेवलं आणि ती मागं सरली. दिव्या वहीतलं वाचून दाखवू लागली. जहाजातून आलेल्या रोग्यांना त्या बेटावर उतरवून देत. जेवण नावेतूनच पुढं सरकवत, किनाऱ्यावर कुणी पाय ठेवत नसे. आता तिथं तिकीट लागतं, पाट्या लावल्यात, लोक फोटो काढतात.

"माय, त्यायले बी दुरूनच ताट देत," दिव्या म्हणाली.

चमेली हसली. तेच हसू पुढं तिला जन्मभर टोचणार होतं.

सहलीच्या सकाळी गाडीची शिट्टी टोल्यापर्यंत ऐकू आली. दुपारी पाहते तर सकाळचं ताट जसंच्या तसं.

"जेव न वो बाई. काऊन रुसून रायली?"

आतून काहीतरी बोबडं उत्तर आलं. रडून घसा बसला असेल, भूक लागली की उठेल, असं चमेलीला वाटलं. अगं बाई, एक पाऊल टाकलं असतंस तर दिसलं असतं की पोरीच्या पापण्या उघडत नाहीत. पहाटे तणसातली मण्यार चावून गेली होती, आणि मण्यारीचा दंश झोपेत कळतसुद्धा नाही.

ताटावर मुंग्या चढल्या तेव्हा कुठं चमेलीनं ओळ ओलांडली. लेकीला खांद्यावर टाकून ती धावत सुटली. मागून सासू गीताबाई ओरडत राहिली, "शिवू नको, चमेले!" दवाखान्याच्या पायरीवर दिव्याचा श्वास थांबला.

महिन्याभरानं चमेलीची स्वतःची पाळी आली. ती चुलीपाशी चहा करत बसली.

"इथं काऊन बसून रायली? जाय तिकडं," गीताबाई म्हणाली.

"नाई जात, आत्याबाई."

"देव कोपन."

"कोपला न. आता न्यायले काय रायलं त्याले?" चमेलीनं चहा गाळला. "त्या बेटावर माणसं टाकली, अन आता लोक तिकीट काढून पाहाले जातेत. पाहून म्हणत असतीन, कसे लोक होते ते. आपल्या झोपडीपाशी बी कोणी येईन एक दिस. तवा पाटीवर आपलं काय लिवतीन, सांगा."

चमेलीनं गिलास भरला.

"शेजारच्या बिसरामची पोरगी बसून हाय तिथं कालपासून. मी तिले आणाले जाऊन रायली."

गीताबाई अडवायला उठली आणि उठून तशीच उभी राहिली. चमेली चहाचा गिलास घेऊन निघाली. भरदिवसा, साऱ्या टोल्यादेखत तिनं दगडांची ओळ ओलांडली, गिलास पोरीच्या हातात दिला आणि तिचा दुसरा हात धरला.

"पेऊन घे अन चाल घरी."