फळ्यावर पोहोचलेली गाडी

मदतपथकांच्या नव्या प्रमुखांचं प्रशिक्षण तिसऱ्या दिवशी गाड्यांच्या फळ्यापाशी आलं. प्रशिक्षक बाई सकाळपासूनच दुसऱ्या ओळीकडे बघायचं टाळत होत्या, कारण तिथे धाकटी बसली होती. धाकटी म्हणजे त्यांच्या जुन्या तळावरच्या ड्रायव्हरची धाकटी मुलगी. आठ वर्षांपूर्वी तो पुराच्या कामात गेला. आज सांगायची हकिकत त्याचीच होती आणि चूक बाईंची. ती कबूल करायची, की नेहमीसारखं "एका तळावर, कुणीतरी" म्हणून वेळ मारून न्यायची, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

फळ्यावर दोन रकाने होते, निघालेल्या गाड्यांचा आणि पोहोचलेल्या गाड्यांचा. प्रत्येक गाडीची एक चुंबकी पट्टी.

"पट्टी कधी सरकवायची?" बाईंनी विचारलं.

"गाडी पोहोचली की," गोदामवाले काका म्हणाले.

"ती पोहोचली हे तुम्हाला कसं कळलं?"

"बिस्किटांची असेल तर माझं पोट सांगतं, मॅडम."

वर्ग खो खो हसला. बाईंना हसू आलं नाही.

"ड्रायव्हर स्वतः वायरलेसवर बोलेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. एका तळावर वरचे साहेब पाहणीला यायचे होते. फळा नीटनेटका दिसावा म्हणून कुणीतरी दोन वाजता एक पट्टी सरकवली. रस्ता तासाभराचा, गाडी निघून दीड तास झालेला, म्हणजे पोहोचलीच असणार. ती वाटेत मोरीवरून ओढ्यात कलंडली होती. सहापर्यंत कुणी शोधायला गेलं नाही. ड्रायव्हर पाचपर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले."

धाकटीचं पेन थांबलं. "मॅडम, त्या कुणीतरीचं पुढे काय झालं?"

"काय होणार? बढती!" काका बोलून गेले.

बाईंनी टेबलाची कड धरली. "काका बरोबर बोलले. ती मी. आणि ड्रायव्हर तुझे बाबा."

धाकटी रडली नाही. मनात कसलासा हिशेब लावत असल्यासारखी बसून राहिली.

"तीनला मी तळावर फोन केला होता," ती म्हणाली. "तुम्हीच उचललात, मावशी. 'अगं, पोहोचले बाबा, जेवत असतील,' म्हणालात."

बाईंना तो फोन आठवेना. त्या दुपारचं मिनिट न् मिनिट त्यांनी आठ वर्षं उगाळलं होतं, पण त्यात हा फोन कुठेच नव्हता.

"आई सकाळपासून दारात उभी होती. मी सांगितलं आणि ती आत जाऊन झोपली. 'तो तिकडे तडफडत होता आणि मी झोपले कशी,' असं अजून म्हणते. मी समजावून थकले." धाकटीने वही मिटली. "तुम्ही घरी येऊन तिला सांगा."

"येते. रविवारी..."

"आत्ता."

काका खुर्चीत अवघडून बसले होते. बाईंनी त्यांना वर्ग बघायला सांगितलं आणि पर्स उचलली. जिन्यात त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण चालण्याचा वेग वाढवला, आणि हात आपोआप सुटला.