कोकिळाबाईंच्या खाली दोन नोंदी

लोणारच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेल्यांना घेऊन बस बारा वाजता निघणार होती. यादी शिबिराचं संगणकाचं काम पाहणाऱ्या मंजुश्रीने लिहिलेल्या प्रोग्रामने काढली होती.

साखरखेर्ड्याच्या कोकिळाबाई टेबलापाशी आल्या. "डॉक्टरनं मले ऑपरेशन सांगतलं. मंग माहं नाव काऊन नाही?"

पाठोपाठ वेगवेगळ्या गावांचे आणखी दोघे आले. ओरडा वाढला. शिबिराचे भागवतकाका मंजुश्रीला प्रयोगशाळेत घेऊन गेले. "इथं बसून शोध, पोरी. लोक आत घुसतील, म्हणून कडी लावतो."

कडी बाहेरून लागली. खिडकीच्या जाळीला चेहरे चिकटले. मंजुश्रीने प्रोग्राम तीनदा चालवला, तीनदा तीच यादी आली. साडेअकरा झाले. पंखा बंद होता. कुणीतरी दारावर थापा मारत होतं आणि तिला श्वास घेणंही जड जाऊ लागलं.

शेवटी तिने सगळ्या रुग्णांच्या नोंदी असलेली मूळ एक्सएमएल फाईल उघडून साखरखेर्ड्याच्या नोंदी डोळ्यांनी वाचल्या. कोकिळाबाई होत्या, पुढे ऑपरेशनची खूणही होती. त्यांच्या खाली दोन नोंदी, दोन्ही नुसत्या चष्म्याच्या.

चूक तिला दिसली. प्रत्येक गावाच्या शेवटच्या नावाखाली रेघ हवी, म्हणून प्रोग्राम ऑपरेशनची खूण असलेलं एक नाव हातात धरून ठेवायचा, पुढचं सापडलं की आधीचं छापायचा. पण शेवटचं नाव ओळखताना तिने गावाची शेवटची नोंद पाहिली होती, ऑपरेशनची शेवटची नोंद नव्हे. शेवटी चष्मेवाला आला की हातातलं नाव हातातच राहायचं, आणि पुढचं गाव सुरू होताच पुसलं जायचं.

गाव संपलं की हातातलं नाव छाप, एवढंच तिने बदललं. सात नावं नवी निघाली.

तिने दार वाजवलं. गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. बाराला दहा कमी होते. ती खिडकीशी धावली.

"कोकिळाआजी, नाव सापडलं! काकांना बोलवा!"

दार उघडलं. सहा जण आवारातच भेटले. सातवे, सुलतानपूरचे उकंडराव, मात्र केव्हाच निघून गेले होते. तिने फोन लावला.

"नाव नाही म्हनले, तं घरी आलो ना मी."

"चूक माझी होती, आजोबा. बस तुमच्याच गावावरून जाते. फाट्यावर उभे राहा."

"आता नक्की हाय ना?"

"हो," ती म्हणाली, आणि स्वतःही बसमध्ये चढली. सुलतानपूरला उकंडराव पिशवी घेऊन उभे होते. त्यांना हात देऊन वर घेईपर्यंत ती दारातून हलली नाही.