बाकावरचा टोफू

वैद्य बांग यांनी बाबांची नाडी पाहिली आणि निकाल दिला, "पोटात उष्णता साठलीय. टोफू थंड. महिनाभर रोज सकाळी नुसता टोफू खायचा, वर काही घालायचं नाही. आणि कुणाशी भांडायचं नाही. एवढं करूनही उष्णता उतरली नाही, तर ती तिखट, मुरवलेल्या कोबीची किमची कायमची बंद."

बाबांना मरणाची भीती नाही, किमचीशिवाय जगण्याची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते ओककाकूंच्या टोफूच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसले आणि विटेएवढा अख्खा टोफू खाली मान घालून खाऊ लागले.

चूक एवढीच, की त्याआधी दीड महिना ते कुणाला न सांगता बुसानला ताईकडे जाऊन राहिले होते. तिथे भावजींनी मशीनने त्यांचे केस कापले होते, अगदी मुळापासून. आणि आमच्याकडे असा नुसता टोफू माणूस तुरुंगातून सुटल्यावर खातो, पुन्हा पाऊल वाकडं पडू नये म्हणून.

आठवड्यात गल्ली सुधारली. बाबांबरोबरच्या बुद्धिबळात वीस वर्षं चाल परत घेणारे प्योकाका चाल परत घेईनात. आमच्या वरच्या मजल्यावर रोज वाजणारा ढोल थांबला. बाबांना भांडायला माणूस मिळेना.

शेवटी ओककाकूंनी मला बाजूला घेतलं. "बाळा, बाबांना आत टाकलं होतं तरी कशासाठी?"

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"लोकांच्या मते मी केलं काय?"

"प्योकाका म्हणतात, फसवणूक."

"फसवणूक?" बाबा दुखावले. "मारामारी नाही?"

"बाबा, जाऊन खुलासा करा."

"वैद्यांनी भांडू नका म्हटलंय."

"भांडू नका, खुलासा करा."

"प्योशी बोलायचं म्हणजे वेगळं काय असतं?"

महिना संपला. वैद्य बांगही टोफू ओककाकूंकडूनच घेतात, आणि टोफूबरोबर बातम्याही. त्यांनी बाबांची नाडी जरा लांबूनच पाहिली.

"उतरलीय उष्णता."

"मग किमची?"

"खा ना, साहेब. हवी तेवढी खा. मी कोण अडवणारा?"

घरी येऊन बाबांनी तीन वाट्या किमची खाल्ली, पोटावर हात ठेवला आणि वाट पाहिली. जळजळ झाली नाही.

"वैद्य घाबरट आहे," ते म्हणाले, "पण नाडी बरोबर बघतो."

आणि चौथी वाटी मागितली.